शेजारची भिंत
समोरच्या लॉजवाल्याने भिंतीत गोळ्यांची खोटी भोकं पाडली आणि सीमा बघायला येणारे पर्यटक तिकडेच उतरू लागले. "आई, आपल्या भिंतीतली तर खरी आहेत. नुसतं लिंपण काढायचं," आपल्या लॉजच्या रिकाम्या खोल्यांना कंटाळलेली सून ड्रिल घेऊन म्हणाली. "काढ की. पण ते लिंपण शेजारच्या काकूंचं आहे, त्यांना विचार," सासू म्हणाली. गोळीबारानंतरच्या सकाळी इथे कुणी स्वतःची भिंत लिंपत नसे. ज्याने त्याने शेजाऱ्याची लिंपायची. सून कुंपणाशी गेली. काकू कपडे वाळत घालत होत्या. "खुशाल काढ गं. पाहुणे गेले की हाक मार, परत लिंपून देईन. तुझ्या सासूने माझी भिंत एक दिवसही तशी ठेवली नाही!" तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. "गोळ्यांची भोकं इथेच ना?" "होती," ड्रिल खाली ठेवत सून म्हणाली. "या, बुजवणाऱ्या काकूंना भेटा."