दाखवण्याचा हक्क

मृणालीने ग्रंथालयामागच्या छोट्या खोलीचे पडदे ओढले आणि लवूला विचारलं, सुरू करू का. त्याने मान हलवली. शेजारी त्याची बायको सगुणा बसली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. नवरा पावसहून रत्नागिरीला कॉलेजात कशाला निघालाय, ते बघायला तीही एसटीत चढली होती.

कॉलेजात यंदा स्पॅनिशचा वर्ग सुरू झाला होता. ग्रंथपाल म्हणून मृणाली त्यासाठी सिनेमे मिळवत होती, तेही सभागृहात सगळ्यांना दाखवायच्या हक्कांसकट. घरी बघायला घेतलेला सिनेमा कॉलेजात लावता येत नाही, हे प्राचार्यांच्या गळी उतरवायलाच तिला बराच वेळ लागला होता. मग स्पेनमधल्या एका बाईने काढलेला हा माहितीपट आला. मालकाने वाऱ्यावर सोडलेलं एक मालवाहू जहाज बंदराबाहेर नांगरून पडलंय, खलाशांना उतरायची परवानगी नाही, पगार नाही, शिधा संपत आलाय. मृणाली तो तपासत होती आणि त्यातल्या एका खलाशाने आपलं गाव पावस असं सांगितलं. तिने शोध घेतला. तो माणूस, लवू, जहाजावरून सुटून आता गावातच आंब्याच्या कलमांच्या बागेत कामाला होता.

"सही तर मी केलेली आहे," लवू म्हणाला. "शूटिंगवाल्यांनी पाण्याचे कॅन आणले होते, तेव्हाच. मग परत मला कशाला विचारता?"

मृणालीने सांगितलं, स्पेनमध्ये त्याला कोणी ओळखत नव्हतं. इथे सभागृहातली निम्मी मुलं ओळखतील. तो नको म्हणाला, तर ती दुसरा सिनेमा मागवेल.

पडद्यावर गंजलेला डेक दिसला. दाढी वाढलेली माणसं सावलीला बसली होती. एक जण बिस्किटांचा पुडा फोडून वाटत होता. लवूने आपल्या वाट्याची बिस्किटं उभ्या उभ्या खाल्ली, हात पँटला पुसले आणि कठड्यापाशी जाऊन घरी फोन लावला.

"होय, जेवलो. मच्छी होती आज," पडद्यावरचा लवू म्हणाला. "जहाज दुरुस्तीला लागलंय, म्हणून उशीर. तुझं जेवण झालं?"

तो ऐकत राहिला. मग हसून म्हणाला, "बरं केलंस."

खोलीतल्या लवूने बंद करायला सांगितलं. मृणालीने सिनेमा थांबवला. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, हे नको दाखवायला. जहाजावर गेलेला माणूस घरी काय काय सांगतो, ते पोरांना कळून काय करायचंय. आणि बायकोला तर त्याने आजवर यातलं काहीच सांगितलं नव्हतं. मृणाली बरं म्हणाली. प्राचार्यांशी ती बोलणार होती.

सगुणा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिने विचारलं, तेवढंच परत लावता येईल का.

मृणालीने लवूकडे पाहिलं. तिने सिनेमा थोडा मागे नेला.

पुन्हा बिस्किटं वाटली गेली. पुन्हा लवूने फोन लावला, जेवलो म्हणाला, मच्छी होती म्हणाला. तुझं जेवण झालं, असं विचारून तो थांबला. कठड्यावर एक पक्षी येऊन बसला आणि उडाला.

"नव्हतं झालं," सगुणा म्हणाली.

लवूने तिच्याकडे वळून पाहिलं.

"घरात काही नव्हतं तेव्हा," ती पडद्याकडे बघतच म्हणाली. "तुम्हाला म्हटलं, जेवले."

पडद्यावर लवू हसला. बरं केलंस, म्हणाला. मृणालीने आवाज बंद केला. जहाज तसंच हलत राहिलं.

बाहेर तास संपल्याची घंटा झाली. जिन्यावरून मुलं बोलत उतरली, मग आवाज लांब गेले. सगुणाने पिशवी उचलली आणि उठली. लवू बसूनच होता.

"दाखवा," तो मृणालीला म्हणाला. "पण फोनवर ही काय बोलली, ते त्यात ऐकू येत नाही. तेवढं पोरांना सांगा."