मानाचा भात

"पण मुळात डोकं कुणाचं?" मेटेबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

पॉलिशखात्यातली सगळी माणसं जमिनीकडे बघून हसली. इंडोनेशियातल्या जेपारा गावच्या त्या फर्निचर कारखान्यात अवघड प्रश्न हसूनच वाटेला लावायची रीत होती.

पावसाळी हवेत सागवानी खुर्च्यांचं पॉलिश पांढुरकं पडत होतं आणि माल परत येत होता. एकदा चहा पिताना खात्यातली वार्ती सहज म्हणाली, खुर्च्या रात्रभर भट्टीच्या शेडमध्ये ठेवून पाहिल्या तर? मग पाक कार्सोंनी किती ऊब द्यायची ते ठरवलं, पोनिराने झाकायला कापडं शिवली, पोरांनी खुर्च्या वाहिल्या. पॉलिश असं बसलं की त्यात तोंड बघून घ्यावं. आता यात कुणाचं किती, हे कोण आणि कशाला मोजत बसणार?

"सगळ्यांचंच ते," पाक कार्सो म्हणाले. खात्यात तेच वडीलधारे, म्हणून सगळे त्यांना मानाने 'पाक' म्हणत.

"सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही." कारखान्याच्या व्यवस्थापक मेटेबाई डेन्मार्कच्या. इथे येऊन वर्ष झालं होतं, भाषाही बरी जमायला लागली होती. "आमच्याकडे जो तो आपलं काम बोलून दाखवतो. म्हणून तर एकमेकांवर भरवसा बसतो. यात लाजायचं काय?"

सगळी पुन्हा जमिनीकडे बघून हसली. बाईंनी युक्ती सुचवणाऱ्यासाठी आणलेलं बक्षिसाचं खोकं या हातातून त्या हातात घेतलं. त्यांचे कान लाल झाले. वार्तीला ते बघवेना. बिचारी आपली माणसं सोडून इतक्या लांब एकटी राहते आणि सगळ्यांदेखत तिचा शब्द असा खाली पडतोय. पाहुण्याला तोंडघशी पाडायचं म्हणजे काय! वार्तीने हात वर केला.

"माझं," ती म्हणाली.

खोटं नव्हतंच ते. पण स्वतःच्याच कानाला कसंसं लागलं. टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्या पोनिराच्या.

दुपारी माल रवाना झाल्याचं जेवण होतं. केळीची पानं एकाला एक लावून जमिनीवर लांबच लांब अंथरली होती. मधोमध पिवळ्या भाताचा उंच ढीग, भोवती कोंबडी, सोयाबीनच्या वडीचं तळलेलं टेम्पे, पालेभाजी, मासे. पान एकच आणि हात सगळ्यांचे. एकाने मासा तोडायचा, दुसऱ्याने काटे काढायचे, तिसऱ्याने गट्ट करायचा, असा पोनिराचा कायदा. आणि ती तिसरी बहुतेक वेळा पोनिराच असायची. मेटेबाईंना मांडी घालता येत नसे, त्या खुर्चीवर बसून बशीत खात.

भाताच्या ढिगाचा शेंडा मानाच्या माणसाचा. आजवर तो पाक कार्सोंना मिळत आला होता. आज त्यांनी सुरी घेऊन शेंडा स्वतःच कापला, बशीत ठेवला, शेजारी कोंबडीची तंगडी वाढली, चमचा लावला आणि दोन्ही हातांनी बशी वार्तीपुढे धरली.

"घ्या," ते म्हणाले.

"अहो पाक, हे काय भलतंच? मला कशाला?"

"ज्याचा मान त्याला."

आवाजात टोमणा असता तर वार्ती भांडून मोकळी झाली असती. टोमणा नव्हता. तिकडे पोनिराने मेटेबाईंच्या शेजारी आणखी एक खुर्ची आणून ठेवली होती, कमरेचं फडकं काढून पुसलीही होती.

वार्ती खुर्चीकडे गेली नाही. बशी घेऊन ती रोजच्यासारखी पोनिराला खेटून खाली बसली. सगळे हसतमुखाने सरकले. इतके सरकले की दोन्हीकडे कुणाचा गुडघा लागेना. तिने शेंडा मोडून पानावर पसरला, तंगडी पोनिराकडे ढकलली.

"तोड गं. बघत काय बसलीस?"

"असू दे, असू दे. तुम्ही जेवा पोटभर," पोनिरा म्हणाली आणि पलीकडच्या बाईशी लेकाच्या शाळेचं बोलू लागली.

इतकं परकं वार्तीला सासरी पहिल्या दिवशीही वाटलं नव्हतं.

"बघितलंस ना?" खुर्चीवरून मेटेबाई खुशीत म्हणाल्या. "किती मानतात तुला! नुसतं सांगायचाच अवकाश होता."

वार्ती हसली. पानावर हात येत होते, जात होते, एकमेकांना लागत होते. तिच्या पुढ्यातल्या भाताकडे एकही हात आला नाही. तो तिने एकटीने संपवला.