रुखमाबाईचे दोन शब्द

रुखमाबाईने माइक हातात घेतला आणि आधी पदर सावरला. केंद्र सरकारच्या त्या प्रशिक्षण केंद्रात ती कैक वर्षं रोजंदारीवर झाडलोट करत होती. माइक तिने पुष्कळदा पुसला होता, धरला मात्र कधी नव्हता.

समोर ओमप्रकाश बिसेन साहेब खांद्यावर शाल आणि मांडीवर नारळ घेऊन बसले होते. आज ते निवृत्त होत होते. नागपूरचा मे महिना, दोन कूलर जीव खाऊन घरघरत होते, तरी शाल काढायचं त्यांना सुचत नव्हतं. शेजारी विभागीय कार्यालयातून आलेले रजत सर, आणि त्यांच्या पलीकडे लेखाधिकारी दामिनी. उद्यापासून केंद्राचा कारभार तिच्याकडे होता.

दामिनीला आठवडाभर जेवण गोड लागलं नव्हतं. साहेबांनी मंजुरी नसताना इमारत दुरुस्तीचा पैसा दुसरीकडे खर्च केला होता, आणि ते तिच्या लक्षात आलं होतं. असं काही दिसलं की लगेच दिल्लीला कळवायचं, हा नियम. जो कळवत नाही, तोही दोषी. कळवावं तर साहेबांची ग्रॅच्युइटी अडकणार, आणि मनीषनगरच्या घराचं कर्ज त्यातूनच फिटायचं होतं. गप्प बसावं तर स्वतःची नोकरी. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी तिने सरकारी डोकं चालवलं. उद्या कारभार हाती घेताना हे लक्षात आलं, असं लिहायचं. तोवर साहेबांचे कागद मार्गी लागलेले असतील. आठवडाभराचं तर खोटं. साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते नुसते म्हणाले, तुमच्या मनाला पटेल ते करा. तिला त्यांचा रागच आला. मनाला विचारून सरकारी कामं होतात का कुठे?

"मले भाषण देता येत नाही," रुखमाबाई म्हणाली. "पण सायबाबद्दल दोन शब्द बोलतो. जानेवारीपासून आमच्या पगाराले पैसाच नव्हता. सबन लोक म्हणे, घरी बसा. सायबानं दिल्लीले विचारलं नाही, का मंजुरीची वाट पाह्यली नाही. बिल्डिंगच्या पैशातून आमचा पगार देल्ला. दामिनी मॅडमले बी ठाऊक हाय. असा सायेब पुन्हा भेटणार नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतल्या माळी आणि चौकीदारांनी शिट्ट्या मारल्या. त्यांच्या लेखी याहून मोठी शाबासकी नव्हती. साहेबांनी मान खाली घातली. लोकांना वाटलं, गहिवरले.

रजत सरही टाळ्या वाजवत होते. मग त्यांचे हात थांबले. जरा वेळ ते साहेबांकडे पाहत राहिले आणि नंतर दामिनीकडे झुकले.

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

दामिनीने मनात दोन्ही उत्तरं तोलून पाहिली. नाही म्हणावं, तर भर सभेत एका गरीब बाईला खोटं पाडायचं आणि सगळं एकट्या साहेबांच्या गळ्यात घालायचं. हो म्हणावं, तर आपलीही गच्छंती. साहेब तिच्याकडे पाहत नव्हते. त्यांनी पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

तेवढ्यात रुखमाबाई माइक ठेवून लगबगीने तिच्याकडेच आली. कपाळावर घाम होता, आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"मॅडम, मी बरोबर बोलली ना? काही चुकलं तर नाही?"

रजत सर उत्तराची वाट पाहत होते.

दामिनीने रुखमाबाईचा हात हातात घेतला.

"एक शब्दही चुकला नाही, मावशी," ती म्हणाली.