समोरची बँक

नवऱ्याची फुप्फुसं रंगाच्या कारखान्याने खाल्ली. त्या कारखान्याला कर्ज देणाऱ्या बँकेसमोर ती वर्षभर फलक घेऊन उभी राहिली होती. आज ऑपरेशनचे पैसे दोनपर्यंत भरायचे होते. विषारी धंद्यांना दमडीही न देणाऱ्या छोट्या बँकेत तिने क्रेडिट कार्डाचा अर्ज पुढे केला. कारकूनबाईंनी घड्याळ पाहिलं. "ताई, खोटं कशाला बोलू? आमच्या कार्डाला चार दिवस लागतात. समोरची बँक तासाभरात देते." "त्यांच्याच दारात जाऊ?" "आधी माणूस वाचू दे. भांडण कुठे पळून जातंय?" डोळे पुसत तिने रस्ता ओलांडला. तिला ओळखून रखवालदार काठी घेऊन उठला. "आज घोषणा नाहीत, दादा. सही करायला आलेय." त्याने दार उघडलं. ऑपरेशननंतर नवऱ्याने विचारलं, "पैसे?" तिने खरं सांगितलं. "म्हणजे श्वासही त्यांचाच उसना." "असू दे. तुम्ही घेत राहा."