शिक्षणाचा रकाना

"शंभरातून सात गेले. किती उरले?" घराच्या दारावरच्या, स्मरणशक्ती तपासणाऱ्या यंत्राने विचारलं.

"चार विसा नि तेरा," सुगंधाबाई म्हणाल्या.

लाल दिवा लागला. गेल्या आठवड्यासारखंच: विस्मरणाचा धोका मोठा, म्हणून नातीला, ओवीला घेऊन दाराबाहेर जायला बंदी.

"आई, त्र्याण्णवच झाले की! मग लाल कसा?" ऋजुता म्हणाली.

"अगो, विसा-विसांनी नारळ मोजण्यात जन्म गेला माझा. शाळेचं तोंड बघितलं नाही, हे कळलं असेल त्याला," सासूबाई हसल्या.

ऋजुताला हसू येईना. सोमवारी कामावर रुजू व्हायचं, मग ओवीला बघणार कोण? सासूबाई खरंच विसरतात की काय, म्हणून आठवडाभर तिने डोळ्यात तेल घालून पाहिलं होतं. चूक एकदाही सापडली नव्हती. आता तिचा संशय यंत्राकडे वळला.

ओवीला कडेवर घेऊन, पाहुणी म्हणून नवी नोंद करायला ती यंत्रासमोर उभी राहिली.

"शिक्षण?"

एम.एस्सी. झालेली ऋजुता म्हणाली, "शाळेत गेले नाही."

पुढच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिने अचूक दिली. शंभरातून सातचं उत्तरही 'त्र्याण्णव' असंच दिलं.

लाल दिवा लागला.

"मूल खाली ठेवा," यंत्र म्हणालं, "आणि घरातल्या शिकलेल्या माणसाला बोलवा."