शेंदराचे पाच ठिपके

मुलाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेआठला, सरनोबतांना जुन्या बाजारात त्यांच्या फियाटला बसणारा डायनामो मिळाला. नवरी त्याच गाडीतून घरी यायची होती.

"वायंडिंग नवं भरलंय का?" त्यांनी विचारलं.

"छ्या! कधी जळालाच नाही, तर वायंडिंग कशाला?" भंगारवाला म्हणाला.

सरनोबतांनी डायनामो उलटा केला. तळाशी तेलात कालवलेल्या शेंदराचे पाच ठिपके होते. दर दसऱ्याला त्यांची बायको घरातल्या प्रत्येक यंत्राला असेच ठिपके लावायची. गेल्या महिन्यात दत्तोबा मेस्त्रींनी गाडीचा डायनामो काढून सांगितलं होतं, "पार जळाला. भंगारात दिला."

जाब विचारावा, तर मेस्त्री बिथरणार. आणि ही गाडी दुसऱ्या कुणाच्या हाताला दाद देत नव्हती. सरनोबतांनी पैसे मोजले आणि डायनामो गॅरेजात नेऊन मेस्त्रींपुढे ठेवला.

"नशीब काढलंत, दादा! असा माल आता बघायला मिळत नाही," मेस्त्री हसले. मग रॉकेलचा बोळा घेऊन त्यांनी डायनामो उलटा केला आणि आधी तळ पुसायला घेतला.