तळटीप

"खुर्ची माझ्या भाच्याला दिली म्हणून राग धरून बसू नका, बाई," साहेब म्हणाले आणि त्यांनी ताळेबंदाची फाइल तिच्यापुढे सरकवली. "इथं फक्त एक सही करा. बँकेचा माणूस बाहेर येऊन बसलाय."

तिनं फाइलला हात लावला नाही.

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या या कारखान्यात ती अठरा वर्षं हिशेब लिहीत होती. तेवढ्या काळात तीन मुख्य लेखापाल आले नि गेले. तिघांनाही काम तिनंच शिकवलं. सहा वर्षांपूर्वी जागा पुन्हा रिकामी झाली, तेव्हा तिनं ती मागितली. याच खोलीत, याच माणसानं तिला सांगितलं होतं, "नुसत्या अनुभवाला कोण विचारतं? लेखापालाची परीक्षा पास व्हा. कागद आणा, खुर्ची घ्या."

तिनं ते खरं मानलं. ओट्यावर पुस्तक उघडं ठेवून अभ्यास केला. तीनदा आपटली. "या वयात कशाला हा खटाटोप?" असं जावेनं विचारलं. नवऱ्यानं विचारलं नाही, पण तोंड तसंच केलं. सासूबाई मात्र पाहुणे आले की दारातच सांगायच्या, "हळू बोला, आमची सून अभ्यासाला बसलीय." सहाव्या वर्षी ती पास झाली. जागाही तेव्हा पुन्हा रिकामी होती.

प्रमाणपत्र घेऊन आली त्या सोमवारी खुर्चीत साहेबांचा भाचा बसला होता. त्याचे दोन विषय राहिले होते. "राहतात एखाद्याचे," साहेब म्हणाले. "शिकेल हळूहळू. तुम्ही आहात ना शिकवायला."

या गोष्टीला चार महिने झाले होते. आता बँकेनं अट घातली होती. कर्ज हवं असेल, तर ताळेबंदावर परीक्षा पास झालेल्या लेखापालाची सही पाहिजे. अख्ख्या कारखान्यात असा माणूस एकच होता.

"खुर्ची ज्याची, सही त्याची," ती म्हणाली.

"त्याची चालत नाही, म्हणून तर तुम्हाला बोलावलं!"

"म्हणजे माझा कागद सहीला चालतो, खुर्चीला चालत नाही."

साहेब लाल झाले. "अठरा वर्षं या कारखान्याचं मीठ खाल्लंत, बाई."

"मीठ नाही, साहेब. पगार. तोही राबून."

तिनं फाइल होती तशी त्यांच्याकडे परत सरकवली.

बाहेर बँकेचा माणूस खाकरला. साहेबांनी दाराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि फोन उचलला. पंधरा मिनिटांत नेमणुकीचं पत्र टाइप होऊन आलं. त्यांनी ते तिच्यापुढे जवळजवळ फेकलंच.

"घ्या. आजपासून मुख्य लेखापाल तुम्ही. झालं समाधान? आता आवरा लवकर."

ती फाइल घेऊन शेजारच्या केबिनमध्ये गेली. भाचा आपला चार्जर गुंडाळत होता. "सॉरी, काकू," तो खाली मान घालून म्हणाला. "मी मामांना सांगितलं होतं, ही जागा तुमची आहे म्हणून." टेबलावर कपाटाच्या किल्ल्या ठेवून तो निघून गेला.

ती खुर्चीत बसली. आता बरं वाटेल म्हणून वाट पाहिली. वाटलं नाही. सहा वर्षांचा संताप एका टाइप केलेल्या कागदानं उतरत नाही. त्याच संतापात तिनं ते केलं, जे सही करण्याआधी कुठल्याही लेखापालानं करायला हवं. तिनं कपाट उघडलं. पगाराच्या फायली अठरा वर्षांत तिच्या हाती कधी पडल्या नव्हत्या. ते काम साहेबांच्या घरच्याच माणसांकडे असे.

कारखान्यात एकशे चाळीस कामगार होते. प्रत्येकाच्या पगारातून दरमहा भविष्यनिर्वाह फंड कापलेला होता. पण तो भरल्याची सव्वीस महिन्यांत एकही पावती नव्हती. आणि ताळेबंदाच्या तळाशी, बारीक अक्षरात, सातवी टीप होती: 'कामगारांचा फंड नियमित भरलेला आहे.'

फंड कापलेल्यांच्या यादीत बाराव्या ओळीवर तिचंही नाव होतं.

साहेबांनी दारातून डोकं घातलं. "झाली का सही?"

"दोन मिनिटं," ती म्हणाली.

तिनं सातव्या टिपेवर शाईनं आडवी रेघ मारली. वर लिहिलं, 'फंड कापला. सव्वीस महिने भरलेला नाही.' खाली सही केली. सहीखाली लेखापालांच्या संस्थेनं परीक्षेनंतर दिलेला आपला सभासद क्रमांक घातला. मग साहेबांच्या खोलीवरून सरळ पुढे जाऊन तिनं तो कागद बँकेच्या माणसाच्या हातात दिला.

त्यानं वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. साहेब हसत हसत आले, त्याच्या खांद्यावरून वाकले, आणि त्यांचं हसू जागच्या जागी थिजलं.

"काय केलंस हे?" अठरा वर्षांत ते पहिल्यांदाच एकेरीवर आले. "चालती हो! कोण नोकरी देतं तुला, तेच बघतो. चुलीत घाल तुझं ते प्रमाणपत्र!"

"ते तुम्ही दिलेलं नाही, साहेब," ती म्हणाली. "तुम्ही खुर्ची दिली होती. ती ठेवून घ्या."

नेमणुकीचं पत्र तिनं बाकावर ठेवलं आणि जिना उतरून ती पॅकिंगच्या हॉलमध्ये गेली. मशिनं धडधडत होती. पुढच्या महिन्यात निवृत्त होणाऱ्या मावशी खोक्यांना पट्टी लावत होत्या. बातमी तिच्या आधीच खाली पोचली होती.

"बाई, खुर्ची मिळाली म्हणे तुम्हाला!" त्या आनंदानं ओरडल्या.

"मिळाली होती, मावशी."

"होती म्हणजे?"

"एका सहीपुरती. पुष्कळ झाली," ती म्हणाली. "आता सगळ्यांना मशिनं बंद करायला सांगा. तुमच्या फंडाचं बोलायचंय."